कोणता किडा सापडला, यापेक्षा कोणता गायब आहे ते बघा

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. कोल्हापूर जिल्ह्यात नदीकाठी तुमची शाळा आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक नाला नदीला मिळतो. नाल्यावर एक वाढतं गाव आहे आणि एक साखर कारखाना. जवळजवळ दर उन्हाळ्यात मासे मरून वर येतात. फेब्रुवारीत भर दुपारी तुम्ही पाण्याची बाटली भरून तपासायला दिली. पाण्याचं तापमान २८ अंश, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ८.४ मिलिग्रॅम, म्हणजे 'उत्तम', असा अहवाल आला. गावाला मात्र खात्री आहे की रात्री काहीतरी सोडलं जातं. तेव्हा तुम्हाला हवी आहे स्वच्छ पाण्यातल्या आणि घाण पाण्यातल्या किड्यांची यादी, नववीच्या मुलांना झेपेल अशी पद्धत, आणि त्यातून दोन उत्तरं: पाणी पिण्याजोगं आहे का, आणि रात्रीच्या पाण्याचा पुरावा मिळेल का.

पिण्याचं आधी निकालात काढू. किड्यांवरून ते कळत नाही. डोंगरातल्या एखाद्या ओढ्यात सगळ्यात नाजूक किडे सुखाने नांदत असतात आणि वर म्हशी बसत असल्याने त्याच पाण्यात शेणातले जंतूही असतात. किड्याला कॉलरा होत नाही, कावीळ होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडताच कामा नये, आणि ते तपासायला प्रयोगशाळाच लागते. नायट्रेट, फ्लोराइड यांचंही तेच. मुलांना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा, नाहीतर 'आमच्या सरांनी किडे बघितले, पाणी चांगलं आहे' असं गावभर होईल.

मग किडे सांगतात तरी काय? गेल्या काही आठवड्यांत, काही महिन्यांत नदी कशी होती ते. इथेच तुमच्या अहवालाकडे परत जायला हवं, कारण मला तो चांगला वाटत नाही. २८ अंशांना पाण्यात समुद्रसपाटीला जास्तीत जास्त ७.८ च्या आसपास ऑक्सिजन मावतो. तुम्ही साडेपाचशे मीटर उंचीवर आहात, तिथे आणखी थोडा कमी. तुमच्या बाटलीत ८.४ आहे. म्हणजे हवेतून येऊ शकेल त्याहून जास्त ऑक्सिजन पाण्यात होता. बंधाऱ्यावरून पाणी जोरात आदळत असेल तर थोडा चढा आकडा येऊ शकतो, पण संथ पाण्यात भर दुपारी असं दिसलं की माझा पहिला संशय शेवाळावर जातो. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि तळाचा गाळ मिळून तो ओढून घेतात, आणि पहाटे पाचला आकडा तळाला जातो. मासे पहाटे मरतात ते यासाठी. आणि शेवाळ इतकं माजतं तेव्हा नायट्रोजन-फॉस्फरस कुठून तरी येत असतो, मैलापाण्यातून किंवा उसाच्या खतातून.

त्यामुळे 'रात्री सोडतात' हे खरं असेलही, पण रात्री कोणी काही न सोडता मासे मरणंही शक्य आहे. तिसरी शक्यता बंधाऱ्याची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की मागचं पाणी महिनोन्‌महिने तुंबतं. तळाला साचलेलं कुजतं, खालच्या थरातला ऑक्सिजन संपतो. मग बरगे काढले की तेच पाणी एकदम खाली येतं. गावात मासे मेले त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, याची तारखेसह नोंद कोणी ठेवतं का? नसेल तर मुलांचा पहिला प्रकल्प तोच करा.

आता यादी. ती मी देऊ शकतो आणि खाली देणारही आहे, पण ती हातात आली की लोक नेमकं उलटं करतात. ट्रेमध्ये लाल अळी दिसली की 'घाण', चतुराचं पिल्लू दिसलं की 'स्वच्छ'. लाल अळ्या स्वच्छ ओढ्यातही असतात, डोहाच्या तळाच्या कुजक्या पाल्यात थोड्याशा. म्हणून सोशिक किडा सापडण्याला फारसा अर्थ नाही, तो सगळीकडेच असतो. अर्थ आहे तो नाजूक किडा तिथे असायला हवा होता आणि नाही, याला. पण 'असायला हवा होता' हे ठरवायचं कशावरून? या कामातली सगळी मेहनत इथे जाते.

ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या एका गटाने किड्यांच्या कुळांना, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटांना, १ ते १० गुण देण्याची पद्धत बसवली. नाजूक कुळाला १०, सोशिकाला १ किंवा २. तिचं इंग्रजी आद्याक्षरी नाव बीएमडब्ल्यूपी. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तीच आपल्या नद्यांसाठी बदलून घेतली. पद्धत सोपी आहे आणि कुळापर्यंत ओळख पुरते, जातीपर्यंत जायची गरज नाही. पण गुण मुळात तिकडच्या थंड, बारमाही नद्यांवर ठरलेले. आपल्याकडे मेफ्लाय (पाण्यात वाढून पुढे उडणारे किडे) यांमधल्या सीनिडी कुळाला त्या यादीत ७ गुण आहेत. माझ्या अनुभवात दख्खनच्या नद्यांमध्ये सीनिडी गाळात, बऱ्यापैकी मळक्या पाण्यातही मजेत असतात. त्यांच्या कल्ल्यांच्या दुसऱ्या जोडीची झाकणं झालेली असतात, खालचे कल्ले गाळाने भरत नाहीत. तेव्हा नुसत्या सीनिडीच्या जोरावर गुण चढले असतील तर मी त्या आकड्यावर भरवसा ठेवत नाही.

कोण कसा श्वास घेतो हे लक्षात ठेवलं तर अर्धी यादी पाठ करावी लागत नाही. पाण्यातला ऑक्सिजन कल्ल्यांनी किंवा कातडीतून घेणारे किडेच ऑक्सिजनबद्दल साक्ष देऊ शकतात. पाणनिवळ्या पृष्ठभागावर चालतात, हवेत श्वास घेतात. पाण्यातले बरेचसे ढेकूण आणि मोठे भुंगेरे वर येऊन हवेचा बुडबुडा घेऊन जातात. डासाची अळी शेपटाकडची नळी वर काढते. गटारात सापडणारी लांब शेपटीची पांढरी अळी तर ती शेपूट दुर्बिणीसारखी लांब करून वरची हवा ओढते. शंख डावीकडे उघडणारी लहान फायसा गोगलगाय फुप्फुसाने श्वास घेते. यांना पाण्यात ऑक्सिजन असला काय, नसला काय. शाळेच्या अहवालांत 'पाणनिवळ्या दिसल्या, म्हणून पाणी स्वच्छ' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की आता तिथेच वाचणं थांबवतो.

साक्षीदार कोण, ते सांगतो. दगडाच्या खालच्या बाजूला चिकटलेली, चपट्या अंगाची, डोक्याच्या वरच्या बाजूला डोळे असलेली मेफ्लायची पिल्लं म्हणजे हेप्टाजेनिइडी, १० गुण. पोटाच्या दोन्ही कडांना फाटे फुटलेल्या नाजूक कल्ल्यांची लेप्टोफ्लेबिइडी, १०. दोन शेपट्या, पायांच्या मुळाशी कल्ल्यांचे झुपके, दगडावरून सरपटत पळणारी स्टोनफ्लायची पिल्लं, आपल्याकडे मुख्यतः पर्लिडी कुळातली, तीही १०. मेफ्लायला बहुधा तीन शेपट्या असतात आणि कल्ले पोटाच्या कडेला, एवढा फरक मुलांना पुरतो. वाळूत पुरून घेणारी चतुराची पिल्लं म्हणजे गॉम्फिडी, ८. दगडाला जाळं बांधून बसणारी कॅडिसफ्लायची हायड्रोप्सायकिडी, ५. काळ्या माश्यांच्या, एका टोकाने दगडाला चिकटून प्रवाहात डोलणाऱ्या अळ्या सिम्युलिइडी, ५. लांबट, चपळ, माशासारखी पोहणारी मेफ्लायची पिल्लं बेइटिडी, फक्त ४. मेफ्लाय दिसली म्हणून हुरळून जायचं नाही ते यांच्यामुळे. चिलटांसारख्या न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या कायरोनोमिडी, २. गाळात डोकं खुपसून शेपट्या वर हलवत बसणारे, मासे पाळणारे ट्युबिफेक्स म्हणून विकत आणतात ते तांबडे गांडूळवर्गीय, १.

कायरोनोमिडींबद्दल दोन शब्द जास्त, कारण तुमच्याकडे ते भरपूर असणार. हे फार मोठं कुळ आहे. हिरवट, पांढरट, पिवळसर अळ्या चांगल्या पाण्यातही असतात. लाल असतात त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी असला तरी त्यांचं भागतं. सरसकट २ गुण दिले की हा फरक झाकला जातो, म्हणून मी नोंदवहीत 'लाल' आणि 'इतर' असे दोन रकाने ठेवतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्यात मुळा-मुठेच्या काठी 'डासांचं वादळ' म्हणून जो व्हिडिओ फिरला, तो बघताना मला पहिल्यांदा यांचीच आठवण झाली. उंच खांबासारखे नरांचे थवे ही या माश्यांची ओळख आहे, आणि असे थवे उठायला खाली नदीत जलपर्णी आणि सेंद्रिय गाळ मुबलक लागतो.

आता 'असायला हवा होता' कडे येऊ. हेप्टाजेनिइडी खळाळात, गोट्यांखाली राहतात. बंधाऱ्याच्या मागच्या तुंबलेल्या पाण्यात, गाळाच्या तळावर त्या सापडणार नाहीत, पाणी अमृत असलं तरी. म्हणून नाल्याच्या वरची जागा खळाळ आणि खालची जागा बंधाऱ्याचं पोट, अशी तुलना केलीत तर निकाल आधीच ठरलेला आहे, त्यात प्रदूषणाचा काही संबंध नाही. दोन्हीकडे सारखी खोली, सारखा वेग, सारखे गोटे, सारखं ऊन बघा. उघड्या कातळावर किडे एरवीही कमी असतात, तो दोन्हीकडे टाळा. खालच्या बाजूला खळाळ नसेलच तर मग वरच्या बाजूलाही डोहच निवडा. डोहात वेगळं कुटुंब राहतं, गुण कमी येतात, पण तुलना खरी होते.

स्टोनफ्लायचंही असंच. घाटमाथ्याच्या जवळच्या ओढ्यात ती असायला हवी. पूर्वेकडे, उसाच्या पट्ट्यात, संथ आणि उबदार नदीत ती शंभर वर्षांपूर्वीही असेल याची मी खात्री देणार नाही. त्यामुळे राधानगरीच्या जंगलातला ओढा हा तुमच्या नदीचा आदर्श धरू नका. तुलनेला जवळच्याच उंचीवरची, तशाच रुंदीची, बरी अवस्था असलेली जागा घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांपैकी ज्या नदीवर तुम्ही नाही, तिच्यावर एखादी जागा धुंडाळा. अगदी निर्मळ अशी जागा सपाटीवर मिळणार नाही. जी त्यातल्या त्यात चांगली असेल ती घ्या आणि नोंदवहीत तसं स्पष्ट लिहा.

दिवस कोणते? पावसाळ्यात नाही, एक तर धोका आणि दुसरं म्हणजे पुराने तळ धुऊन निघालेला असतो. पूर ओसरल्यावर किड्यांना पुन्हा बस्तान बसवायला पाच-सहा आठवडे द्या. तुमच्याकडे सगळ्यात मोलाची फेरी आहे ती कारखान्याचं गाळप सुरू होण्याआधीची, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या शेवटची. ती हुकली तर पुढचं वर्ष वाट बघा, पण ती सोडू नका. मग दुसरी फेरी जानेवारी-फेब्रुवारीत, गाळप जोरात असताना, आणि तिसरी एप्रिलच्या अखेरीस. प्रत्येक वेळी नाल्याच्या वर एक जागा, खाली एक, आणि आणखी दोन-तीन किलोमीटर खाली एक. वरच्या जागेतही उन्हाळ्यात गुण उतरतील, ते ऋतूमुळे. खालच्या जागेत त्याहून जास्त उतरले तर तेवढा फरक नाल्याचा. धरणातून आवर्तन सुटलं असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका. पाणीही अचानक चढतं आणि किडेही वाहून गेलेले असतात.

साहित्यासाठी पैसे घालवू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांचं नायलॉन कापड एका चौकटीवर ताणून हातजाळं करा. पांढरा प्लास्टिकचा ट्रे, मऊ ब्रश, चमचा, बर्फाचा साचा आणि दहापटीचं भिंग एवढं बस झालं. जाळं प्रवाहाच्या खालच्या अंगाला टेकवून ठेवायचं, वरच्या अंगाला उभं राहून पायाने गोटे हलवायचे. इंग्लंडात तीन मिनिटं पाय चालवतात आणि वर एक मिनिट हाताने दगड उलटून बघतात. तुम्हीही तेवढाच वेळ घ्या आणि घड्याळ लावून घ्या. एका जागी उत्साहात दहा मिनिटं आणि दुसऱ्या जागी कंटाळून दोन मिनिटं असं झालं की जास्त कुळं तिथेच सापडणार जिथे जास्त खोदलं. दारूबिरूत बुडवून नमुने ठेवायची शाळेत गरज नाही. जिवंत मोजा, फोटो काढा, परत नदीत सोडा, दगडही पुन्हा होता तसाच पालथा ठेवा. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नका. फुलपाखरांना ती बरी आहेत, पाण्यातल्या पिल्लांना नाहीत.

एक गोष्ट बजावून सांगतो. नाल्याच्या तोंडाशी मुलांना उतरवू नका. मैलापाणी नीट मिसळल्यानंतरच्या जागी, गुडघ्याच्या खालच्या पाण्यात, गमबूट घालून, आणि पायाला जखम असेल त्याला काठावर नोंदी घ्यायला बसवा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा) हा आपल्याकडचा खरा आजार आहे. वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत, स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय नदीत पाय ठेवू नका.

हिशेब कसा, ते एका काल्पनिक उदाहरणावर दाखवतो, हे तुमच्या नदीचे आकडे नव्हेत. समजा वरच्या जागी लेप्टोफ्लेबिइडी, गॉम्फिडी, सीनिडी, हायड्रोप्सायकिडी, सिम्युलिइडी, बेइटिडी आणि कायरोनोमिडी मिळाले. गुण १०, ८, ७, ५, ५, ४ आणि २, बेरीज ४१. कुळं सात, सरासरी ५.९. खालच्या जागी हायड्रोप्सायकिडी ५, बेइटिडी ४, फायसिडी ३, कायरोनोमिडी २ आणि गांडूळवर्गीय १, बेरीज १५, सरासरी ३. बेरीज किती वेळ खोदलं यावर बरीच हलते, सरासरी कमी हलते, म्हणून मी सरासरीकडे आधी बघतो. पण कुळं तीन-चारच असतील तर सरासरीही फसवी. दोनच कुळं सापडली आणि त्यात एक चुकून वाहून आलेलं गॉम्फिडीचं पिल्लू असेल, तरी सरासरी भरघोस दिसते.

दुसरा आकडा विविधतेचा, आणि तो मुलांना फार आवडतो. ट्रेमधले किडे न निवडता, हाताला येतील तसे एका ओळीत ठेवायचे. प्रत्येक किडा आधीच्यासारखाच आहे की वेगळा, एवढंच बघायचं. वेगळा आला की नवा गट सुरू. अ, अ, ब, क, क, अ अशी रांग असेल तर गट चार, किडे सहा, म्हणजे ०.६७. नाव माहीत असण्याचीही गरज नाही. नुसत्या लाल अळ्या असतील तर आकडा शून्याकडे जातो. इथे 'न निवडता' हे महत्त्वाचं. मुलं मोठे आणि सुंदर किडे आधी उचलतात, म्हणून चमच्याने ट्रेचा एक कोपरा पूर्ण रिकामा करायला लावा.

केंद्रीय मंडळाच्या तक्त्यात हे दोन्ही आकडे एकत्र वाचतात. सरासरी ७ किंवा वर म्हणजे अ वर्ग, स्वच्छ, निळा. ६ ते ७ ब, किंचित प्रदूषण, फिका निळा. ३ ते ६ क, मध्यम, हिरवा. २ ते ५ ड, जास्त, नारिंगी. २ च्या खाली इ, तीव्र, लाल. क आणि ड एकमेकांवर चढलेले आहेत हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तिथे विविधतेचा आकडा निर्णय करतो, ०.४ किंवा खाली असेल तर झुकतं माप ड कडे. आणि एक सावधगिरी: मंडळाचे पाण्याच्या वापरानुसार पाडलेले अ ते इ असे वेगळे वर्गही आहेत, ज्यात अ म्हणजे निर्जंतुक करून पिण्याजोगं आणि इ म्हणजे शेतीसाठी. त्या 'क'चा आणि किड्यांच्या 'क'चा संबंध नाही. ग्रामसभेत अहवाल मांडाल तेव्हा अक्षराऐवजी रंग सांगा.

आता तुमच्या मूळ खटक्याकडे, रात्रीच्या पाण्याकडे. गुणांची बेरीज-सरासरी इथे थोडी बाजूला ठेवा आणि ट्रेकडे बघा, कारण कशाने मार पडला आहे ते मार खाल्लेल्यांच्या यादीवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. मळीमिश्रित पाणी किंवा मैला असेल तर कुळं घटतात पण डोकी वाढतात. नाजूक सगळे गेले आणि लाल अळ्या, ट्युबिफेक्स यांचा नुसता बुजबुजाट झाला. नाल्याच्या खाली गोट्यांवर करड्या-पांढऱ्या, बुळबुळीत झुपक्यांचा थर दिसतो, तो सेंद्रिय घाणीवर वाढणाऱ्या जिवाणूंचा. विषारी रसायन असेल तर कुळंही घटतात आणि डोकीही, सोशिक मंडळीसुद्धा दिसत नाहीत, ट्रे जवळजवळ रिकामा. शेतातलं कीटकनाशक असेल तर आणखी वेगळं, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, झिंगे, खेकडे गेले आणि गोगलगाई, गांडूळवर्गीय मात्र टुणटुणीत. तुमच्याकडे ऊस आहे, भाजीपाला आहे, तेव्हा हा तिसरा नमुनाही मनात ठेवा. वाळूउपशाने किंवा गाळाने झालं असेल तर गोट्यांमधल्या फटी बुजलेल्या दिसतात, फटीत राहणारे जातात, गाळात बिळं करणारे राहतात, पण लाल अळ्यांचा स्फोट नसतो. प्रत्यक्षात हे नमुने एकमेकांत मिसळलेले मिळतात, हे कबूल. तरी कोणता जोरकस आहे हे सहसा दिसतं.

एकदाच मोठा लोंढा आला होता का, हे बघायला वयं बघा. आपल्या उबदार पाण्यात बेइटिडींची एक पिढी काही आठवड्यांत पुरी होते, सिम्युलिइडींचीही. वरून वाहत येणारी पिल्लं आणि उडून अंडी घालायला येणाऱ्या माद्या यांनी ती लवकर परततात. चतुराच्या पिल्लांना महिने लागतात, शिंपल्यांना वर्षं. तेव्हा खालच्या जागी बेइटिडी आहेत पण सगळी बारीक, मोठं एकही नाही, आणि वरच्या जागी लहान-मोठी सगळी आहेत, असं दिसलं तर गेल्या महिन्या-दीड महिन्यात काहीतरी घडून गेलेलं आहे. शिंपले दोन्ही पाळ्या जोडलेल्या अवस्थेत उघडे पडलेले दिसले तर मरण ताजं आहे. पाळ्या सुट्या, झिजलेल्या असतील तर जुनं. ही गोष्ट कुठल्याही गुणतक्त्यात नाही, पण मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला आहे.

पुरावा म्हणाल तर तो कायद्याच्या अर्थाने नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना राज्य मंडळाच्या अधिकाऱ्याने, ठरलेल्या रीतीने, नोटीस देऊन घ्यावा लागतो आणि त्याचे भाग करून सील करावे लागतात. तुमची ट्रे तिथे चालणार नाही. पण अधिकारी यायचे कधी आणि उभे राहायचे कुठे, हे तुमच्या नोंदींवरून ठरू शकतं. 'नदी घाण आहे' या अर्जाला उत्तर मिळत नाही. 'नाल्याच्या वर गोट्यांखाली ही कुळं आहेत, खाली २०० मीटरवर नाहीत, गाळपाआधी दोन्हीकडे होती, हे फोटो, या तारखा' या अर्जाला निदान टाळणं अवघड जातं. सोबत पहाटेचा ऑक्सिजन मोजा. मत्स्यपालनवाले वापरतात ते तपासणी किट चालेल, पण सूर्य उगवायच्या आत, दोन्ही जागी, आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा. वरच्या जागी पहाट-दुपार फरक थोडा आणि खाली प्रचंड असेल, तर तुमच्या ८.४ चा उलगडा तिथेच होईल.

कारखान्याचं नाव अर्जात घालण्याची घाई करू नका, असं मी सांगेन. नाल्यावर गावही आहे आणि गावाचा मैला बारा महिने येतो, गाळप संपल्यावरही. एप्रिलच्या फेरीत, कारखाना बंद होऊन काही आठवडे झाल्यावरही खालच्या जागी लाल अळ्यांचंच राज्य असेल तर मोठा वाटा कदाचित गावाचाच आहे. जमलं तर नाल्यातही, गावाच्या आणि कारखान्याच्या मधल्या टप्प्यात, काठावरून जाळं घालून बघा. हे ऐकायला गावात कुणाला आवडणार नाही, त्याची तयारी ठेवा.

नववीच्या मुलांना हे सगळं झेपतं. ओळखीत ती पहिल्या दिवशी गोंधळतात, दुसऱ्या फेरीपर्यंत काही जण शिक्षकांच्या पुढे जातात. वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी आणि जबडा पुढे फेकून शिकार पकडणारं चतुराचं पिल्लू ही दोन दाखवलीत की पुढे त्यांना बोलवावं लागत नाही. मात्र प्रत्येक फेरीला तीच चार-पाच मुलं जाळं धरायला ठेवा, हात बदलला की पद्धतही बदलते.

ऑक्टोबरच्या फेरीनंतर ट्रेचे फोटो टाका, खाली मोजपट्टी ठेवून, वरून आणि कडेने असे दोन-दोन. कुळं लावायला मी मदत करीन. आणि त्याच्या बरोबर त्या आठवड्यातली बंधाऱ्याच्या बरग्यांची स्थितीही लिहा, किती घातले होते, किती काढले होते. त्याशिवाय मला फोटोंवरून फार काही सांगता येणार नाही.